रोमर्टच्या आठ ओळी

"रोमर्ट, आज तुझी खुर्ची युर्रेला दे," वोब्बे म्हणाला. "आठ ओळींचा तर प्रश्न आहे."

रोमर्ट रुमालानं आपलं कॉर्नेट, ते आखूड पितळी बिगुल, पुसत होता. त्यानं मान वर केली नाही. कार्यक्रमाला पाऊण तास उरला होता. गावच्या सभागृहात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, कॉफीही झाली होती. कॉफीबरोबर एकेक बिस्कीट देऊन हिस्केबाईंनी डबा बंद केला होता. अमेरिकेहून आलेल्या फिल्मवाल्या बाईनं दुसऱ्यांदा हात पुढे केला, तो तिला तसाच मागे घ्यावा लागला.

युर्रे याच गावचा. फ्रीसलँड या डच प्रांतातल्या एवढ्याशा गावाच्या बँडमध्ये तो नवव्या वर्षी कॉर्नेट फुंकायला लागला, तेही रोमर्टच्या हाताखाली. आता तो डीजे आहे, टेबलावरची बटणं फिरवतो आणि साओ पाउलोपासून सोलपर्यंत ऐंशी-ऐंशी हजार माणसं रात्रभर नाचतात. त्याच्यावर सिनेमा निघत होता. गावचा शंभर वर्षांचा बँड आणि मधोमध कॉर्नेट वाजवणारा युर्रे, असं दृश्य सिनेमावाल्यांना हवं होतं. बँडचा अध्यक्ष वोब्बे हे ऐकल्यापासून हवेत होता.

आणि रोमर्ट? बहात्तर वर्षांचा, डेअरीतून निवृत्त झालेला साधा माणूस. धूनमधल्या त्या आठ ओळी चालू असताना बाकीचा बँड गप्प बसतो, कॉर्नेट तेवढं एकटं वाजतं. चाळीस वर्षं ते रोमर्टचंच काम. येत्या गुरुवारी दातांचा डॉक्टर त्याचे पुढचे चार दात काढणार होता. दात गेल्यावर ओठ टेकवायचे कशाच्या आधारावर? म्हणजे त्याची आजची वेळ शेवटची. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. वोब्बेलासुद्धा! डोकं फिरतं ते यामुळेच.

"अरे, सगळं जग बघणार आहे आपल्या गावाला," वोब्बे म्हणाला.

"जग एकाही मंगळवारी तालमीला आलं नाही," हिस्केबाई म्हणाल्या. त्या सकाळी शाळेची बस चालवतात आणि मंगळवारी संध्याकाळी बँड. "तीन तालमी चुकवल्या की कार्यक्रमात बसायचं नाही. युर्रेनं किती चुकवल्या? वीस वर्षं!"

"बाई, ते नियम तुमच्या-आमच्यासाठी. हा युर्रे आहे!"

"बेकरीवालीचा पोरगा आहे. मी ओळखते त्याला."

युर्रे भिंतीशी उभा होता. कपाटातून काढलेला बँडचा जुना कोट त्याला आखूड होत होता. रोमर्ट उठला, त्याच्यापाशी गेला आणि त्यानं आपलं कॉर्नेट युर्रेच्या हातात ठेवलं.

"वाजव. जमलं तर खुर्ची तुझी."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. युर्रेनं कॉर्नेट ओठाला लावलं. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीला सूर फाटला, चौथीला नुसती हवा आली. ओठ मंगळवार-मंगळवारनं तयार होतात, बटणांनी नाही. तो लाल झाला आणि थांबला. मागे ढोलवाल्या बायका खाली बघायला लागल्या.

फिल्मवाल्या बाईनं हसत काहीतरी सांगितलं. वोब्बेचा चेहरा एकदम उजळला.

"ती म्हणते, काही बिघडलं नाही! रोमर्टनं पडद्यामागे उभं राहून वाजवायचं. युर्रेनं समोर नुसतं तोंडाला लावून बसायचं. सूर रोमर्टचाच राहील. झालं समाधान?"

कुणी काही बोललं नाही. वोब्बेला वाटलं, पटलं सगळ्यांना.

"मी नाही करणार हे," युर्रे हळूच म्हणाला आणि त्यानं कॉर्नेट परत केलं. "काका, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," रोमर्ट म्हणाला. तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानं पाय पसरले. "वोब्बे, गुरुवारपर्यंत दात माझे आहेत. सूर माझा वाजणार असेल तर तोंडही माझंच दिसणार. नसेल पटत तर उचल ते कॅमेरे."

"अरे, सिनेमातून गाव जाईल!"

"जाऊ दे. गाव काय सिनेमात राहतं?"

चार वाजता सभागृह भरलं. युर्रे पहिल्या रांगेत आपल्या आईशेजारी बसला. कॅमेरे त्याच्यावरच रोखलेले होते. म्हातारा कुणाला हवा होता? बँड वाजत वाजत त्या जागेपर्यंत आला आणि गप्प झाला. रोमर्ट उभा राहिला.

आठ ओळी. पाचवीतला वरचा सूर थरथरला, पण त्यानं तो सोडला नाही, शेवटपर्यंत नेला. आठवी संपली. आता सगळ्यांनी एकदम सुरू करायचं होतं. चौतीस जणांनी श्वास भरून घेतला.

रोमर्टनं कॉर्नेट खाली केलं नाही. तो हिस्केबाईंकडे बघत होता, रागानं बघावं तसा. कागदावर लिहिलेला नाही असा एकही सूर बाईंनी आजवर कुणाला वाजवू दिलेला नव्हता. त्यांनी डावा हात वर केला आणि अख्खा बँड तसाच थांबवून धरला.

रोमर्टनं त्याच आठ ओळी पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या.