नळीवरचं नाव

"नाव बदलल्याशिवाय बंदूक माझ्या दारातून बाहेर जात नाही, बाई," बंदुका दुरुस्त करणारा डेलबर्ट म्हणाला, आणि छाप मारायचे पोलादी आकडे त्याने बाकावर मांडले.

ऑर्फाने हातमोजेसुद्धा काढले नव्हते. "तुला नळी बदलायला सांगितली होती. बारसं करायला नाही."

बंदूक शिकंज्यात आडवी पडली होती. खालची कडी ओढली की पुढचं काडतूस वर चढवणारी, मोंटानातल्या घराघरांत खुंटीला असते तसली. बाहेरून होती तश्शीच. आतून मात्र डेलबर्टने तिची नळी कोरून काढली होती आणि तिच्यात दुसरी, बारीक नळी बसवली होती. नळीवर नाव होतं त्या तीस-तीस मापाचं काडतूस आता तिला जाणार नव्हतं. पंचवीस-पस्तीसचं लागणार होतं, आणि ते अख्ख्या खोऱ्यात कुठल्या दुकानात मिळत नव्हतं. ऑर्फाला हवं होतं ते हेच.

मागच्या महिन्यात तिचा नवरा नेल्स सकाळच्या वेळी गोठ्यात सापडला होता. बंदूक मांडीवर, आणि तिचं तोंड दाराकडे नव्हतं, त्याच्याकडे होतं. लेकाला मातीआड करून तेव्हा चार महिने झाले होते. ऑर्फाने आरडाओरडा केला नाही. "कॉफी गार होतेय, चल," त्याला म्हणाली. दुपारी 'कडी ढिली झालीय' असं सांगून बंदूक गाडीत टाकली आणि इथे आणली.

"त्यापेक्षा माझ्याकडेच राहू दे की," डेलबर्ट म्हणाला.

"आणि मग? शिकारीचे दिवस तोंडावर आलेत. खुंटी रिकामी दिसली की शेजारी जाऊन उसनी मागेल. बंदुकीला नाही म्हणणारा शेजारी बघितलायस तू कधी या खोऱ्यात? वर मूठभर काडतुसं देतील मेले, राहू देत म्हणून."

"घरातली काडतुसं फेकून द्या."

"पाच डबे फेकले. एक तर जवाच्या पिंपात निघाला. सहावा कुठे आहे, ते त्यालाच ठाऊक."

डेलबर्टने आकडे उचलून ठेवले नाहीत. "बाई, वर लिहिलंय एक आणि आत आहे दुसरं. उद्या तुम्ही नसाल, मीही नसेन. कुणीतरी नळीवरचं वाचेल, काडतूस जाईना म्हणून ठोकून बसवेल, आणि डोळा गमावून बसेल. खोटं नाव घेतलेली बंदूक मी सोडत नाही."

"खोटं नाव घेतलेली माणसं रोज तुझ्या दुकानात येतात-जातात. त्यांना बरा सोडतोस!"

"माणसाच्या आत काय आहे ते मला दिसत नाही. हिच्या आत मीच घातलंय."

"मग नळीच्या खालच्या अंगाला, लाकडाआड मार. दिसणार नाही तिथे."

"दिसणार नाही तिथे मारून काय उपयोग?"

त्याने हातोडी उचलली. आधी जुन्या आकड्यांवर आडवी रेघ, मग शेजारी नवे आकडे. ऑर्फाने तोंड फिरवलं.

घरी आल्याबरोबर तिने पहिलं काम केलं ते हे, की नेल्सचा चष्मा पिठाच्या डब्यात खुपसला. चष्म्याशिवाय त्याला स्वतःच्या बुटाची नाडी दिसत नसे. मग बंदूक त्याच्या हातात दिली आणि चुलीकडे वळली.

नेल्सने कडी ओढली, सोडली. पुन्हा ओढली. मग त्याचा अंगठा नळीवरून सावकाश पुढे सरकला, थांबला, आणि मागे आला. चाळीस हिवाळे बर्फात, काळोखात, हरणाची वाट बघत ज्याने बंदूक भरली, त्याला डोळे कशाला लागतात? एवढी साधी गोष्ट ऑर्फाच्या डोक्यात आली नव्हती.

"पंचवीस-पस्तीस," तो म्हणाला.

"हरणाला पुरतं."

"माझ्याकडचं एकही हिच्यात बसायचं नाही आता."

"नाही बसायचं," ऑर्फा म्हणाली. खोटं तिला कधी जमलं नव्हतं, आणि आता या वयात शिकायचंही नव्हतं.

नेल्सने बंदूक टेबलावर ठेवली. निजलेलं मूल ठेवावं तशी. "हिला डेलबर्टकडे नेलंस. नदीला कुणाकडे नेणार आहेस?"

पातेल्यात फिरणारा चमचा थांबला. नदी खिडकीतून दिसत होती. काठाला बर्फाची पातळ कड धरली होती.

"नदीवर मी येईन तुझ्याबरोबर," ऑर्फा म्हणाली. "मला पोहता येत नाही, ठाऊक आहे ना?"

"वेड्यासारखं बोलू नकोस."

"वेड्यासारखं मी बोलतेय होय?"

नेल्स खिडकीबाहेर बघत राहिला. "पाणी गार असतं गं आता."

"मग कोट घालते."

तिने भिंतीवरचा लोकरीचा जाड कोट काढला, अंगात घातला, गळ्यापर्यंतची बटणं लावली, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. चूल धडाडून पेटलेली होती. पातेल्यातलं करपायला लागलं तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही. ऑर्फाच्या कपाळावरून घाम निथळून भुवयांत उतरला. नेल्स बघत होता. तिने एकही बटण काढलं नाही.