उरलेल्या हॅमचं सारण

उकडलेली अंडी, सहा.

काल कुणीतरी काळी छत्री विसरून गेलं होतं. अजून कुणी मागायला आलं नव्हतं.

जिना पुसून झाला होता. दोनदा.

लोणच्यातल्या काकड्यांच्या बरणीचं झाकण हट्टाला पेटलं होतं.

खट्.

त्या आवाजासरशी सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मग पुन्हा बसल्या.

"यंत्राचा दांडा आहे, आई," सून म्हणाली. "टेबलाला लागतोय."

"कळतं गं मला. पायांना कळत नाही."

सासरे वरच्या खोलीतून काठीने जमीन ठोकायचे. एकदा ठोकलं की चहा, दोनदा ठोकलं की सासूबाई, तीनदा ठोकलं की सून. सासूबाईंची एकोणचाळीस वर्षांची सवय. काल दुपारी माणूस मातीत गेला, म्हणून पाय लगेच मोकळे थोडेच होतात?

या घरात अख्खा हॅम फक्त मयताच्या जेवणाला शिजायचा. लग्नाला नाही, वाढदिवसाला नाही. उरलेला दुसऱ्या दिवशी खिम्याच्या यंत्रातून काढायचा, त्याचं पावाला लावायचं सारण करायचं आणि दिवस मावळायच्या आत वाटून संपवायचं. ही विद्या सासूकडून सुनेकडे जायची. लेकींच्या हातून मयताचा स्वयंपाक नको, असं आजेसासूबाईंचं म्हणणं. त्यामुळे लेकी फक्त खायच्या.

सून दांडा फिरवत होती. सासूबाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकडी होती. दारात सापडली, असं त्या सगळ्यांना सांगत. तीन वेगवेगळ्या वर्षी सापडली, हे सांगत नसत.

नणंद हाताची घडी घालून चौकटीला टेकली होती. काल सकाळी आल्यापासून ती या स्वयंपाकघरात बसली म्हणून नव्हती.

"वहिनी, परत विचारते. बाबा जिन्यावरून पडले तेव्हा तू कुठे होतीस?"

"गच्चीवर. कपडे वाळत घालत होते."

"आणि आई?"

"अंघोळीला."

"खालचा शिंपी म्हणतो, पडल्याचा आवाज आला, पण ओरडण्याचा नाही. आपले बाबा! बोटाला टाचणी टोचली तरी गल्ली गोळा करणारा माणूस."

सुनेने दांडा थांबवला नाही. चारची बस पकडायच्या आधी मी चौकीत जाणार, असं नणंद सकाळपासून तीनदा म्हणाली होती. नवरा जहाजावर, महिनाभर तरी येत नव्हता. चौकीतून बोलावणं आलं तर सुनेच्या बाजूने बोलायला वाकड्या बोटांची एक म्हातारी. बस्स.

"कांदा बारीक चिर," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "दाताखाली आला की सगळं मुसळ केरात."

"आई, मी काय बोलतेय आणि तू काय बोलतेयस!"

"तू बापाबद्दल बोलतेयस, मी कांद्याबद्दल. बाप काही परत यायचा नाही. कांदा अजून हातात आहे."

हॅम संपला. सुनेने पावाचा एक तुकडा यंत्रात घातला. हे शेवटचं काम. आत अडकलेलं मांस पाव पुढे ढकलतो. आधी गुलाबी निघाला, मग फिकट, मग पांढऱ्या अळ्यांसारखा पांढराच. सासूबाई वाकून बघत होत्या.

"स्वच्छ," त्या म्हणाल्या. "काही उरलं नाही आत."

अंडी कुस्करली. मोहरीची पेस्ट, मेयोनीज. बरणी काही उघडेना.

"दे इकडे," नणंद म्हणाली आणि एका झटक्यात झाकण फिरवलं. मग तिथेच स्टूल ओढून बसली. सुनेने चमचाभर सारण पुढे केलं.

नणंदेने ते तोंडात घातलं आणि तिचे डोळे भरले. "आजी गेली तेव्हाची चव. अगदी तीच."

"खारवलेला हॅम," सासूबाई म्हणाल्या. "भिजवून मीठ काढावं लागतं, नाहीतर तोंडात धरवत नाही. पाणी किती वेळा बदललंस गं?"

"पाच वेळा."

"गुणाची माझी."

नणंदेचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पदराने डोळे पुसत होती. "बाबा गेले परवा दुपारी. आणि काल दुपारी तू साठ माणसांना जेवायला वाढलंस! एका रात्रीत, एकटीने. आणि मी इथे उभं राहून तुला..." तिने रिकामा चमचा खाली ठेवला. "माफ कर, वहिनी. जिच्या मनात पाप असतं, ती अशी रात्रभर राबत नाही."

सासूबाई वाकड्या बोटांनी अंड्यांची टरफलं गोळा करत राहिल्या.

"असू दे, ताई," सून म्हणाली. "दुःखात माणूस काय काय बोलतो."

साडेतीनला नणंद सारणाचा डबा घेऊन निघाली. दोघी खिडकीत उभ्या राहिल्या. कोपऱ्यावर उजवीकडे चौकी, डावीकडे बसथांबा. नणंद कोपऱ्यावर थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग डावीकडे वळली.

संध्याकाळपर्यंत सगळं सारण वाटून झालं. शिंप्याने दोनदा मागून घेतलं. सुनेने यंत्र सुटं करून धुतलं, पुसलं, फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलं.

बुधवारी सकाळी, सासरे पडायच्या दोन दिवस आधी, सासूबाईंनी तिला हॅम भिजत घालायला सांगितलं होतं.