कप्तानांचं विरळ भाषण

आमच्या जर्मन छापखान्यात एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असला, की मी त्याच्या अक्षरांमध्ये फटी सोडून जुळवतो. धान्याच्या कोठाराची आग विझली आणि गावातल्या आगीच्या बंबाचे कप्तान, श्रीयुत विंकेलमान, आपलं भाषण आमच्या पेपरात छापायला घेऊन आले.

"सगळं फटी सोडून घ्या! माझा शब्द न् शब्द मोलाचा आहे."

"सगळं?"

त्यांनी आवाज खाली आणला. "ते 'मला बायकोने हलवून जागं केलं' आहे ना, तेवढं वाक्य साधं ठेवा. कुणाची नजर जायला नको."

"मग काढूनच टाकू की."

"अहो, काढलं तर ओटिली घरात घेईल का मला?"

त्यांनी सांगितलं तसंच मी जुळवलं. शनिवारी पेपर निघाला. सगळं भाषण विरळ, फिकं, आणि मधोमध एकच ओळ काळीभोर, ठसठशीत. बिअरखान्यात लोक टेबलं बडवत तेवढीच मोठ्याने वाचत होते.

सोमवारी ओटिलीबाई आलुबुखाराचा गरम केक घेऊन छापखान्यात हजर.

"यांचं पुढचं भाषण आलं ना," त्या म्हणाल्या, "की माझं वाक्य असंच साधं ठेवा हं."