वर्गात आणलेली बंदूक

उद्या गोरे तपासनीस साहेब येणार होते आणि पोरं इंग्रजीत अडली तर धुळ्याच्या तोताराम मास्तरांची नोकरी जाणार होती. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' हा वाक्प्रचार तर काही केल्या पोरांच्या डोक्यात शिरेना. शेवटी मास्तरांनी आपल्या मामांची, रानडुकरं हाकायची ठासणीची बंदूकच वर्गात आणली.

"हा चाप म्हणजे लॉक, हा दस्ता म्हणजे स्टॉक, ही नळी म्हणजे बॅरल. तिन्ही आली की अख्खी बंदूक आली. म्हणून अर्थ, काही म्हणता काही मागे न ठेवता, सगळंच्या सगळं!"

पोरं मख्ख. रस्त्यापासून बंदुकीच्या मागोमाग आलेले झुलाल हवालदार मात्र 'सगळं'ला आपला अहिराणी शब्द सापडून दारातच खूश झाले. "म्हंजे बठ्ठं! आसं सरळ सांगा ना, मास्तर. आन् लायसन शे का?"

लायसन नव्हतं. हवालदार नव्या विद्येला जागले. बंदुकीसोबत त्यांनी फळा, बाकं, घंटा, पाण्याचा माठ आणि मास्तर, असं सगळं चौकीत जमा केलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी चौकीच्या अंगणातच झाली. साहेबांनी नेमका तोच वाक्प्रचार विचारला. जप्त बाकांवर बसलेल्या पोरांनी मुकाट्याने आधी बाकांकडे, मग माठाकडे आणि शेवटी कोठडीतल्या मास्तरांकडे बोट दाखवलं. अर्थ इतका पक्का बसलेला वर्ग साहेबांनी पाहिला नव्हता. त्यांनी मास्तरांची नोकरी जागीच कायम केली.

"झुलालभाऊ, आता तरी सोडा," मास्तर गजांमागून म्हणाले.

हवालदार ओशाळले. "सोडाले इंग्रजीमा काय म्हनतस, ते तुम्ही शिकाडंच नही ना, मास्तर."