भरलेलं दुकान

"कम्युनिस्ट राजवटीत या दुकानासमोर पावासाठीसुद्धा पहाटेपासून रांग लागायची," बुखारेस्टची म्हातारी गाइड म्हणाली. सहलीतले निवृत्त कामगार पुढारी, कॉम्रेड सारंग, तुच्छतेने हसले.

"बाई, थापा मारू नका. त्र्याऐंशी साली आमचं शिष्टमंडळ इथं आलं होतं. मांसाने खचाखच भरलेलं दुकान मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"त्या दिवशी भरलंच होतं. तुमची पाठ वळताच सगळा माल ट्रकमध्ये घालून परत नेला." तिने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "आम्ही बायका समोरच्या फुटपाथवर उपाशी ताटकळत होतो. तुम्ही आम्हाला हात हलवून दाखवलात."

ती पुढे निघून गेली. कॉम्रेडांनी समोरच्या फुटपाथकडे पाहिलं. स्वागताला बायका रस्त्यावर उभ्या होत्या, असं ते चाळीस वर्षं प्रत्येक सभेत सांगत आले होते.