हुबेहूब नक्कल

रोडोपी डोंगरातल्या म्हाताऱ्या बायकांनी गायलेली सगळी गाणी संग्रहालयाच्या एकाच डिस्कवर होती. गाणारी एकही आता हयात नव्हती. त्यात संग्रहालय सांभाळणाऱ्या दाफिनामावशींची आईही आली. एका डिस्कचा काय भरवसा, म्हणून मावशींनी दुसरी कोरी मागवली. त्यांचा मदतनीस यासेन याने ती जोडली, ‘पुन्हा सुरू झालास की दुसरी डिस्क पहिलीसारखीच ठेव’ असा हुकूम कॉम्प्युटरला लिहून दिला आणि लगे हात जुनी ऑपरेटिंग सिस्टीमही अपग्रेड करायला घेतली.

मध्येच पडद्यावर प्रश्न आला: ‘जुन्या सेटिंगमध्ये डिस्क नुसत्या क्रमांकाने लिहिल्या आहेत. नवी सिस्टीम क्रमांक उलटेसुलटे लावू शकते. क्रमांकांऐवजी डिस्कची नावं लिहायची का?’

“लिही की बाबा,” मावशी म्हणाल्या.

“पहिली गाण्यांची, दुसरी कोरी. दोनपर्यंत मोजता येतं हो मला, मावशी!” यासेनने ‘नको’ दाबलं आणि चीज भरलेल्या बानित्सा पेस्ट्रीचा तुकडा तोंडात टाकला.

“तुला येतं रे. पण हे नवं येडं कुठून मोजायला लागेल, कुणी सांगावं?”

कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मावशींची कॉफी निवायच्या आतच पडद्यावर अक्षरं उमटली: ‘काम पूर्ण. दोन्ही डिस्क आता हुबेहूब सारख्या आहेत.’

“बघा! उगाच घाबरत होतात.”

“चाळीस वर्षांची गाणी, यासेन. एवढ्यात झाली?”

यासेनचा घास तोंडातच राहिला.



कोऱ्या डिस्कची नक्कल करायला वेळ तो कितीसा लागणार!