लोखंड्याचा तिसरा भाग

आज कॅसेट खेळाच्या जेमतेम तासभर आधी आली.

एरवी ती आदल्या संध्याकाळी येई. मग व्हिडिओ सेंटरचा मालक सावळीराम हिरामणला आणि त्याच्या बायकोला, ललिताला, ती एकदा लावून देई. ललिता सिनेमाभर नवऱ्याच्या कानाशी पुटपुटत बसे. तो मान हलवत असे. हिला सिनेमा बघायचा असतो की घरचं भांडण उरकायचं असतं, असं सावळीराम चेष्टेनं विचारी. दुसऱ्या दिवशी दुपारी हिरामण टीव्हीशेजारी उभा राहून गोष्ट सांगे.

सातपूरच्या कारखान्यांमागे ती पत्र्याची शेड होती. सुटीच्या दिवशी पेठ-सुरगाण्याकडचे मजूर तिथं जमत. बाया पुढे, पुरुष मागे. सिनेमे इंग्रजी, त्यातलं कुणाला काही कळत नसे. हिरामणलाही कळत नव्हतं, पण ते फक्त ललिताला माहीत होतं. कारखान्यात लेथ मशीनवर काम केलेल्या माणसाला थोडंफार इंग्रजी येत असणार, असं बाकीचे धरून चालत.

लोखंड्याचे दोन भाग होऊन गेले होते. तांबड्या ग्रहावर खाणी, खाणीत यंत्रमाणसं, ती बिघडतात आणि माणसं मारतात. सिनेमात एवढंच होतं. हिरामणनं त्याला वेगळं वळण दिलं आणि त्यातल्या मुख्य यंत्रमाणसाला लोखंड्या म्हणायला लागला. त्याच्या गोष्टीत ठेकेदारानं लांब नेलेले मजूर खाणीत दबून मेले, त्यांचे जीव त्या लोखंडात शिरले, आणि आता ते आपलं घर शोधत होते. पुढं काय होणार, असं लोक त्याला रस्त्यात अडवून विचारत.

आणि आता सावळीराम सेंटर विकायला निघाला होता. घेणारा शेखर ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला, चांगलं इंग्रजी जाणणारा. तो आज मागे बसून बघणार होता आणि गोष्ट सांगणारा माणूस ठेवायचा की नाही, ते ठरवणार होता. लेथ सोडून हिरामणला दोन वर्षं झाली होती. हे काम गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं. नवरा-बायकोचं यावर बोलून झालं होतं.

ललिता हात धरून त्याला शेडमध्ये घेऊन आली.

"आली नवरदेवाची वरात," काळू म्हणाला. तो जवळच्या फौंड्रीत ओतकामावर होता आणि दर वेळी सगळ्यांत आधी येऊन बसे. लोक हसले.

ललितानं हिरामणला टीव्हीशेजारी उभं केलं. तिला भांड्याच्या कामावर जायचं होतं, पण पाय निघत नव्हता.

"अहो, एकदासुद्धा न बघता कसं जमायचं?"

"लोखंड्या माझाच हाय. जमंल."

ती गेली. सावळीराम मशीन सुरू करून बाहेर चहाच्या टपरीवर गेला.

सुरुवात सोपी होती. भोंगा, धावपळ, बायामाणसांचा आरडाओरडा. वस्तीला सांगावा आलाय, हिरामणनं सांगितलं, लोखंड्या येतोय, दारं लावून घ्या. मग जड पावलं. पावलं थांबली आणि दारावर थाप पडली. एक. दुसरी.

"घरात बाई एकटी हाय," तो म्हणाला. "हे पाऊल तिच्या वळखीचं हाय. तिचा माणूस खाणीवर गेला, तो आला नाय."

मागे खुर्ची करकरली. शेखर उठला होता. ही गोष्ट सिनेमातली नाही, हे त्याला कळलं असणार. बुटांचा आवाज दोन-तीन पावलं पुढे आला.

"बसा साहेब," काळू म्हणाला. पुढचं तो इतकं हळू बोलला, की हिरामणपर्यंत पोचलं नाही. खुर्ची पुन्हा करकरली.

आता थांबून चालणार नव्हतं. गोळ्या सुटायला लागल्या. हिरामणनं शिपाई आणले, त्यांच्या बंदुका आणल्या, लोखंड्याच्या छातीला भोकं पाडली. एरवी बंदूक उडाली की शिट्ट्या पडत. आज एकही पडली नाही. माणसं श्वास रोखून बसली होती, की शेखरसारखीच चिडली होती, ते त्याला समजेना.

गोळ्या थांबल्या. नुसती घरघर उरली.

"तो दाराशी पडलाय," हिरामण म्हणाला. "तो इचारतोय, माझं नाव काय? तू सांगितलंस तर मी तुझा माणूस. नाय सांगितलंस तर मी यंत्र, मग मी कुणालाच सोडणार नाय."

पुढे भिमाबाई बसली होती. तिचा नवरा बहिरू सात वर्षांपूर्वी धरणाच्या कामावर गेला, तो परतला नव्हता.

"उघड गं बाई," ती म्हणाली. "बहिरू म्हण त्याला, आन दार उघड."

"तिनं दार उघडलं," हिरामण म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

सिनेमा संपला. लोक उठले. जाताना कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. काळूनंही टोमणा मारला नाही.

शेड रिकामी झाली. पत्र्यापलीकडे सावळीराम आणि शेखर बोलत होते. हिरामण पत्र्याला कान लावून उभा राहिला.

"त्याला इंग्रजी येत नाही," शेखर म्हणाला. "त्यानं सांगितलेलं काहीच त्या सिनेमात नव्हतं."

मग काढून टाकायचा का, असं सावळीरामनं विचारलं.

"शेठ, लोखंड्या दार ठोकत होता तिथंच चित्र गेलं, नुसता आवाज राहिला. नंतर पाऊण तास टीव्हीवर नुसत्या मुंग्या, आणि सगळी माणसं त्या मुंग्यांकडे बघत बसलेली. मी मशीन बंद करायला उठलो, तर तो काळू म्हणाला, बसा साहेब, हिरामणदादाला दोन वर्षं झाली दिसत नाय, आमाला ते ठाऊक हाय हे त्याला कळू देऊ नका."